नुसतं पाणी फिरतंय, मासे कधी सोडायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडील निवृत्त झाले म्हणून मुलीने त्यांना खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी भेट दिली. गोड्या पाण्यातले मासे बाबा आयुष्यभर पाळत आले. समुद्री मासे ही मात्र राहून गेलेली हौस. टाकीत कोरडे खडक, वाळू आणि आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात विरघळवलेलं समुद्री मीठ आहे. मुलीने माशांची घाण पचवणारे बाटलीतले जिवाणू घातले, त्यांचं अन्न म्हणून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) चढवला, आणि तो उतरला की पुन्हा तेवढाच चढवला. असं सहा वेळा केलं. साडेतीन आठवडे झाले. अमोनिया आता दिवसभरात शून्यावर येतो, पण त्यापासून बनणारा नायट्राइट पाणी तपासायच्या किटच्या तक्त्यावरच्या शेवटच्या रंगावर अडकून बसला आहे. त्यात आता वाळूवर तपकिरी थर धरू लागला, तो आधी बाबांनाच दिसला. बाबा म्हणतात, "पाणी खराब झालंय. सगळं उपस, वाळू नळाखाली धुऊन घे आणि दोन चिवट डॅमसेल मासे सोड. आम्ही चाळीस वर्षं अशाच टाक्या लावल्या, काही होत नाही." मुलगी विचारते: बाबांचं ऐकू की किटचं? भेट त्यांच्यासाठी आणली आणि त्यांनाच रोज रिकाम्या काचेसमोर बसवून ठेवलंय, याची टोचणी लागली आहे. टाकी बिघडली का? अजून किती दिवस?

उत्तर:

तुमची टाकी बिघडलेली नाही. तुम्ही कळवलेल्या आकड्यांतून एवढंच दिसतं, की अर्धं काम झालं आहे आणि उरलेलं अर्धं चालू आहे. तेव्हा वाळू धुवायला काढू नका आणि डॅमसेल आणू नका. पाणी मात्र बदला, पण सगळं नाही. का आणि किती, ते पुढे येईलच.

त्याआधी बाबांविषयी. पत्रात तुम्ही दोन बाजू आखल्या आहेत, एकीकडे किट आणि दुसरीकडे बाबा. मला ही आखणीच पटत नाही. बाबांनी टाकी भरली, दोन दिवसांनी मासे सोडले आणि ते मासे जगले, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते नाकारायचं कारण नाही. विचारायचं ते हे, की ते मासे जगले कशामुळे? ते कारण सापडलं, की तेच खाऱ्या पाण्यातही उपयोगी पडतं का, हे दोघांना मिळून तपासता येईल.

मासा अन्न पचवतो आणि त्यातून तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरं रूप अमोनियमचं, ते त्या मानाने खूपच सौम्य. दोन्हींत वाटणी कशी व्हायची हे मुख्यतः पाण्याचा पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर मोकळ्या अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि तिथे हाच वाटा सहा-सात टक्क्यांवर जातो. तुमच्या हातातलं किट साधारणपणे दोन्ही रूपांची बेरीज दाखवतं. म्हणजे बाबांच्या जुन्या टाकीत १ पीपीएम आणि या टाकीत १ पीपीएम, रंग तोच दिसेल, पण माशाला लागणारं विष इथे दहापटीहून जास्त असेल.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की विचारा. नवी टाकी लावताना ते जुन्या टाकीतली खडी, फिल्टरचा स्पंज किंवा पाणवनस्पती त्यात टाकायचे का? जुनेजाणते हौशी लोक हे हमखास करायचे. तसं असेल तर त्यांच्या टाक्या 'नव्या' कधी नव्हत्याच. तयार जिवाणू त्यांच्यासोबत जात होते, आणि वनस्पती अमोनियम थेट शोषून घेत होत्या. तुम्ही आज जे बाटली आणि थेंबांनी करताय, तेच ते स्पंजने करत होते. या टाकीत तुमच्याकडे जुना स्पंज नाही, खडकही कोरडे आहेत. सुरुवातच शून्यापासून झाली, म्हणून वेळ लागतोय.

त्यात समुद्री माशाची शरीररचना गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा वेगळी. आजूबाजूचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ती भरपाई करायला तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कल्ल्यांवर श्वासाचा भार आहे आणि मिठाचाही. खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. अमोनियाने पोळलेले कल्ले घेऊन अशा पाण्यात जगणं किती जड जात असेल, याचा विचार बाबांसारखा माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा चटकन करू शकेल. चाळीस वर्षं ज्याने मासे सांभाळले, त्याला माशाचा धापा टाकणारा श्वास ओळखू येतो.

आता नायट्राइटकडे वळू, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

टाकीत जिवाणूंचे दोन गट बसवायचे असतात. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पुस्तकांत पहिल्यासाठी नायट्रोसोमोनास आणि दुसऱ्यासाठी नायट्रोबॅक्टर ही नावं असायची. आता दुसऱ्या कामात नायट्रोस्पायराचा वाटा मोठा आहे, हे कळलं आहे. पहिल्या कामात तर जिवाणू नसलेले, आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीवही सामील असतात. त्यांतला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा जीव शास्त्रज्ञांनी वेगळा करून वाढवला तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या उष्ण कटिबंधी समुद्री टाकीतून, आणि २००५ साली त्याची नोंद जगापुढे आली. अशाच एका टाकीच्या खडीतून समुद्राच्या नायट्रोजनचक्राचा एवढा महत्त्वाचा भागीदार हाती लागला, हे मला फार आवडतं. बाबांनाही सांगा. त्यांच्या काचेमागेही याच प्रकारचं जग वसतंय.

हे सगळे सूक्ष्मजीव सावकाश वाढणारे. कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात; यांना दुप्पट व्हायला तासांचे तास, कधी दिवसभराहूनही जास्त लागतो. त्यांतही दुसरा गट सहसा मागून येतो, कारण पहिल्याने नायट्राइट तयार केल्याशिवाय त्याच्या पोटाला काही मिळतच नाही. अमोनिया शून्य आणि नायट्राइट भरपूर, हा बहुतेक नव्या टाक्यांच्या वाटेवरचा मधला टप्पा आहे.

तुमच्याकडे तो लांबला, त्याचं कारण साध्या गणितात आहे. १ पीपीएम अमोनियापासून साधारण २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतो. तुम्ही सहा वेळा २ पीपीएम घातलात, म्हणजे १२ पीपीएम. त्याचं नायट्राइट होतं ३२ पीपीएमच्या घरात. बहुतेक किटचा तक्ता त्याच्या खूप आधीच संपतो. त्यामुळे नायट्राइट ३२ वरून १५ वर आला तरी तुम्हाला रंग तोच दिसणार. तो अडकलाय की उतरतोय, हे या रंगावरून कळायचा मार्गच नाही. म्हणून पाणी पातळ करून मोजा: टाकीचं १ मिलिलिटर, आरओ-डीआयचं ९ मिलिलिटर, मग येईल त्या आकड्याला दहाने गुणा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने असं मोजलंत की खाली-वर चाललेली हालचाल दिसेल. नायट्रेटचं किट मात्र सध्या कपाटात राहू दे. ते बहुतेक नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजतं, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असला की आकडा फुगतो.

हीच सहा वेळची मात्रा आणखी एक गोष्ट करून बसली असणार, जिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. अमोनियाचं रूपांतर होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरायची ताकद, खर्च होते. तुम्ही घातलेल्या मात्रेचा हिशेब केला तर साधारण ४ डीकेएच (हे क्षारतेचं एकक) त्यात गेली असेल. मिठाच्या मिश्रणाने ८ डीकेएच दिली असेल तर आज ४ च उरली. क्षारता घसरली की पीएच घसरतो, आणि हे जिवाणू घसरलेल्या पीएचला हात आखडता घेतात. तेव्हा आज संध्याकाळीच डीकेएच मोजा. मला वाटतं, दुखणं इथे सापडेल.

शिवाय तुमच्या टाकीत आरओ-डीआयचं स्वच्छ पाणी, मीठ आणि अमोनियम क्लोराइड एवढंच आहे. जिवाणूंना वाढायला थोडा फॉस्फरसही लागतो, आणि इतक्या निर्मळ टाकीत तो जेमतेम असू शकतो. चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं तरी ती गरज भागते. चिमूटभरच, जास्त नको.

तर आता करायचं काय? अमोनिया घालणं थांबवा. निम्मं पाणी बदला. नवं पाणी वेगळ्या भांड्यात मीठ घालून, पंपाने ढवळून, तापमान आणि खारटपणा जुळवूनच घाला. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६, आणि खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घेतलेलं असू दे. निम्म्या पाण्याने नायट्राइट निम्मा होईल आणि क्षारताही काही प्रमाणात भरून येईल. पाणी बदललं तर सायकल, म्हणजे जिवाणूंची ही साखळी बसायची प्रक्रिया, मोडते, असं तुम्ही वाचलं असेल. तसं होत नाही. हे जिवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत, खडकांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर आणि स्पंजवर चिकटून राहतात. पाणी गेलं तरी ते जागेवरच राहतात.

आणि याच कारणासाठी बाबांचा वाळू धुण्याचा सल्ला ऐकू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते जिवाणूंना मारतं. क्लोरीन नसलं तरी खारटपणाचा एकदम बसलेला धक्का आणि रगडून धुणं यांत साडेतीन आठवड्यांची वस्ती उठेल. खडी धुणं हे गोड्या पाण्यातही जपून करायचं काम. बाबा कदाचित टाकीच्या पाण्यातच धूत असतील, विचारून बघा.

तपकिरी थराचं म्हणाल तर ते डायटम. सिलिकेटपासून कवच बनवणारी सूक्ष्म शेवाळं, आणि नव्या वाळूत, नव्या खडकांत त्यांना सिलिकेट मिळतं. जवळजवळ प्रत्येक नव्या समुद्री टाकीत ती येतात आणि सिलिकेट संपत आलं की बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यांच्यामागून हिरवं शेवाळ येईल, तेव्हाही घाबरू नका. तोवर दिवे बंद ठेवलेत तर उत्तम. जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो, आणि टाकीत अजून प्रवाळ नाहीत. पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप) मात्र चोवीस तास चालू हवेत, पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा, कारण ही सगळी प्रक्रिया प्राणवायूवर चालते. फेसातून घाण काढणारा स्किमरही आता चालवायला हरकत नाही. जिवाणू घातल्यावर पहिले काही दिवस तो आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा बंद ठेवायचा असतो. ते दिवस तुमचे मागे पडले.

किती दिवस, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कोरड्या खडकांनी लावलेल्या टाकीला चार ते आठ आठवडे लागणं नेहमीचं आहे. पण माझी विनंती आहे, कॅलेंडर बघून ठरवू नका. दिवसांच्या मोजणीवर विसंबणं हेच बहुतेक नव्या टाक्यांचं खरं संकट. कोणी 'तीस दिवस झाले' म्हणून मासे सोडतं, कोणी बाटलीवर 'लगेच मासे सोडा' लिहिलंय म्हणून सोडतं. बाटली चांगली असेल, ताजी असेल, उन्हात तापली नसेल, तर ती मदत करते. नसेलही. बाहेरून कळत नाही. समुद्रातून किंवा जुन्या टाकीतून आलेले जिवंत (सूक्ष्मजीव वसलेले) खडक वापरले तर वेळ वाचतो, पण प्रवासात कोरडे पडलेल्या खडकांवरचे जीव मरतात आणि अमोनियाची लाट उठते. म्हणून खडक कुठलेही असोत, कसोटी एकच: नायट्राइट शून्यावर आल्यावर एकदा अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवायचा आणि चोवीस तासांनी मोजायचं. अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य आला, तर ही टाकी दिवसाला एवढा भार पचवते हे सिद्ध झालं. दोन-तीन दिवसांनी हीच कसोटी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा पास झाली की बाबांना सांगा, चला.

थोडं नायट्राइटविषयी, कारण इथे खाऱ्या पाण्याची बाजू चांगली आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे १९ ग्रॅमच्या आसपास असतं, आणि कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे गोड्या पाण्यात जो नायट्राइट माशांचं रक्त तपकिरी करून त्यांना गुदमरवतो, तोच इथे बराच कमी घातक ठरतो. यावरून काही अनुभवी लोक 'अमोनिया शून्य झाला ना, मग सोडा मासे' म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदी निराधार नाही. तरी तुमच्या टाकीपुरतं मी थांबाच म्हणेन. साखळीचा दुसरा दुवा बसलेला नसताना, क्षारता घसरलेली असताना मासे सोडायला कारण काय? फक्त घाई.

डॅमसेलविषयी मात्र मी ठाम आहे. चिवट मासा सोडून टाकी तयार करायची जुनी रीत आहे, आणि ती रीत माशाच्या अंगावर चालते. डॅमसेल बहुतेकदा जगतो हे खरं. पण कल्ले पोळूनही तो जगला, म्हणून त्याला त्रास झाला नाही असं होत नाही. अमोनिया बाटलीतून घालता येतो, तर जिवंत प्राण्याला त्या कामाला का जुंपायचं? दुसरं म्हणजे डॅमसेल सहसा आपला इलाखा सांभाळणारा आणि भांडकुदळ. पहिला आलेला मासा संपूर्ण टाकी आपली मानतो, मग नंतर आणलेल्या शांत माशांच्या मागे लागतो. त्याला पुन्हा पकडायचं तर खडकांची सगळी रचना उपसावी लागते. बाबांना हवेत कोणते मासे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. क्लाउनफिश असतील, तर ते टाकीत पैदास केलेले मिळतात. तेच घ्या. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा ते टाकीतलं खाद्य लवकर स्वीकारतात, आणि प्रवाळांवरून एक जोडी कमी उचलली जाते.

तुम्हाला वाटणारी टोचणी मला समजते. भेट दिली आणि ती अपुरी राहिली, असं वाटतंय. पण बाबा खरंच रिकाम्या काचेसमोर बसले आहेत का? पत्रात तुम्हीच लिहिलंत, की वाळूवरचा थर त्यांना तुमच्या आधी दिसला. ते रोज बघतात. मग बघणं त्यांच्याकडेच सोपवा. एक वही करा: तारीख, तापमान, खारटपणा, पीएच, डीकेएच, अमोनिया, नायट्राइट. मोजायचं त्यांनी, लिहायचं त्यांनी. बाष्पीभवनाने रोज पाणी कमी होतं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून भर नेहमी आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याची घालायची. हे काम रोज ठरल्या वेळी करणारा माणूस ज्या टाकीला मिळतो तिचा खारटपणा स्थिर राहतो, आणि निवृत्त माणसापेक्षा ते कोण बरं सांभाळेल? सध्या सगळी जबाबदारी तुमच्या हातात आहे आणि त्यांच्या वाट्याला फक्त वाट बघणं आलंय. मला वाटतं, 'काही होत नाही' या वाक्यामागे तेच आहे. त्यांना हात घालायला काहीतरी हवंय.

आणि हात घालायला एक फार मोलाचं काम आहे: क्वारंटाइनची छोटी टाकी. समुद्री माशांना पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, की बाहेर काढणं अतिशय कठीण. तांब्याचं औषध खडक-वाळूच्या टाकीत घालता येत नाही. खडक ते शोषून धरतात, आणि पुढे येणारे शंख, कोळंबी, प्रवाळ त्याने मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी अडीच महिन्यांच्या आसपास माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा नवा मासा आधी चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत पाहिलेला बरा. काच, हीटर, पंप, लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे, एवढं पुरतं. तिचा फिल्टर-स्पंज आजच मुख्य टाकीत, पाणी वाहतं अशा जागी ठेवून द्या. मुख्य टाकी तयार होईल तेव्हा तो स्पंजही जिवाणूंनी भरलेला असेल आणि छोट्या टाकीची वेगळी सायकल करावी लागणार नाही. ही पद्धत तर बाबांचीच आहे. त्यांना सांगायलाच नको, ते तुम्हाला शिकवतील. मासे क्वारंटाइनमध्ये असताना मुख्य टाकीतले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून आठवड्यातून एक-दोनदा चिमूटभर खाद्य किंवा १ पीपीएम अमोनिया तिथे घालत राहा.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी मासे आधीच सोडले असतील. त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. आज अमोनिया मोजावा. आकडा शून्याच्या वर असेल तर खाद्य अगदी कमी करा, पाण्याचा पृष्ठभाग जोरात हलता ठेवा, चतुर्थांश ते निम्मं पाणी तापमान आणि खारटपणा जुळवून बदला, आणि अमोनिया बांधून ठेवणारं औषध हाताशी ठेवा. ते वापरल्यावर अमोनियाचं किट पूर्वीसारखाच आकडा दाखवत राहू शकतं, कारण बांधलेला अमोनियाही त्यात मोजला जातो. त्याने गोंधळू नका. बाटलीतले जिवाणू इथे नक्की घाला. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल तर मोजण्यात वेळ न घालवता पाणी बदला.

परत तुमच्या टाकीकडे. कसोटी दोनदा पास झाली की एक मोठा पाणीबदल करा, म्हणजे साचलेला नायट्रेट खाली येईल. तो एवढा चढलेला असणार, की निम्म्या बदलाने भागलं नाही तर आणखी एकदा बदला. मग क्वारंटाइन पार केलेला मासा किंवा जोडी आणा. आणि क्वारंटाइनच्या टाकीत मासा पहिल्यांदा उतरवताना, तो लांबून पिशवीतून आला असेल तर एक काळजी घ्या. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून उघडल्या पिशवीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. पिशवी बंद असतानाच तरंगत ठेवून तापमान जुळवा. विक्रेत्याच्या पाण्याचा खारटपणा आधीच विचारून क्वारंटाइनचा तेवढाच ठेवा, मग पिशवी उघडून मासा लगेच आत घ्या, पिशवीतलं पाणी बाहेरच टाका. क्वारंटाइनच्या दिवसांत खारटपणा हळूहळू मुख्य टाकीएवढा आणता येतो.

मुख्य टाकीत पहिली जोडी गेली, की पहिले दहा-बारा दिवस अमोनिया रोज मोजा. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाएवढीच टिकते, म्हणून मासे वाढवायचे ते दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, एका वेळी एक-दोनच. २०० लिटरच्या टाकीत लहान जातीचे पाच-सहा मासे झाले की पुरे म्हणा. पाव पीपीएम अमोनिया जरी दिसला तरी खाद्य निम्मं करा, पाचवा हिस्सा पाणी बदला आणि तो शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिल्याशिवाय पुढचा मासा आणू नका. खाद्य किती घालायचं हे बाबांना ठरवू द्या, पण दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि वहीत लिहून.